बुलेटेचं कूळ

२९ जुलै १९१४, बुधवार

आजचं व्याख्यान रंगलं. टाळ्या माझ्या अभ्यासाला पडल्या की गुस्टावच्या बिअरला, हे मात्र खात्रीनं सांगता येणार नाही.

आमचं भाषाशुद्धी मंडळ दर बुधवारी संध्याकाळी बर्लिनच्या मोआबिट भागात गुस्टाव बोनेलच्या खाणावळीत, मागच्या खोलीत बसतं. गुस्टाव माझा मेव्हणा, माझी बायको टिली हिचा थोरला भाऊ. टेबलाच्या मधोमध चिनी मातीचं गुलाबी डुक्कर असतं. बोलण्याच्या ओघात कुणाच्या तोंडून परका शब्द गेला की त्यानं डुकराच्या पाठीतल्या फटीत पाच फेनिग टाकायचे. गुस्टाव सभासद नाही, पण सगळ्यात जास्त दंड तोच भरतो, आणि तोही मुद्दाम. आज दारातूनच ओरडला, "बूयॉन कुणाला? ऑम्लेट कुणाला? सॉस हवा का, सॉस?" मग नाणी टाकत म्हणाला, "डुक्कर माझ्याच घरात, आणि चाराही मीच घालायचा. मास्तर, खाटकाकडे कधी न्यायचं तेवढं सांगा."

विषय होता, आपल्या ताटातली नावं कुठून आली. ससा परवडत नाही म्हणून खिमाच सशाच्या आकारात भाजायचा, तो 'खोटा ससा'. शिळा पाव दुधा-अंड्यात बुडवून तळायचा, ते 'गरीब सरदार'. सफरचंद झाडावर आणि बटाटा जमिनीत, म्हणून दोन्ही एकत्र शिजवले की 'आकाश आणि पृथ्वी'. लोक हसले. मग मी लोण्यावर आलो. लोण्याचं नाव ग्रीक, चीजचं लॅटिन, कोबीचं लॅटिन, मिरीचं तर पार हिंदुस्थानातून आलेलं. थोडी चुळबुळ झाली. शेवटी बुलेटे. खिमा, भिजवलेला पाव, कांदा, आणि तव्यावर लालसर परतलेला तो चपटा गोळा. बर्लिनचा माणूस ज्याची शपथ घेईल असा पदार्थ. मी म्हणालो, हे नाव फ्रेंच आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी धर्मापायी फ्रान्समधून परागंदा होऊन आपल्या राजाच्या आश्रयाला आलेल्या लोकांनी ते बहुधा आणलं. आणि हसत जोडलं, "म्हणजे माझ्या सासुरवाडीनं!"

'बहुधा' म्हणालो ना? म्हणालोच असेन.

आमचे अध्यक्ष रेत्सलाफसाहेब, टपाल खात्यातले निवृत्त अधिकारी, सगळं टिपून घेत होते. वर्गात इतका लक्ष देणारा विद्यार्थी मिळत नाही.

परतताना टिली म्हणाली, "आमच्याबद्दल सांगायला नको होतंस."

"अगं, कौतुकच केलं."

"हो," ती म्हणाली. "कौतुकच केलंस."

१ ऑगस्ट, शनिवार

युद्ध. रस्त्यात अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मीही एका दाढीवाल्याला मारली. आनंद झाला होता का? छातीत काहीतरी वर येत होतं खरं. तो आनंदच होता असं मी आता बसून म्हणू शकत नाही.

गुस्टावच्या पाउलला बोलावणं आलं. एकुलता एक मुलगा. लोकांनी त्याच्या बंदुकीच्या नळीत फुलं खोचली होती. गुस्टावनं त्याच्या पिशवीत कागदात गुंडाळलेली बुलेटे कोंबली आणि म्हणाला, "पॅरिसला पोचलास तर आपल्या लोकांना एक चाखायला दे. म्हणावं, आम्ही बरी करतो." सगळे हसले. टिली हसली नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार

शहरात हेर शिरल्याची हूल आहे. पुलाजवळ जमावानं एका माणसाला धरलं, त्याची टोपी फाडली, कॉलर ओढली. बोलण्याची ढब वेगळी होती म्हणून. तो आपल्याच बव्हेरियाचा व्यापारी निघाला. पोलिसानं सोडवला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो मोठमोठ्यानं राष्ट्रगीत म्हणत होता.

फ्रीडरिशस्ट्रासवर एका कॉफीगृहाची पाटी लोकांनी शिडी लावून खाली पाडली. नाव इंग्रजी होतं. काचा माझ्या बुटांपर्यंत आल्या. घरी येईपर्यंत मी दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत चाललो. ही सवय जुनीच, कुठलाही शब्द दिसला की तो कुठून आला हे डोक्यात आपोआप उमटतं. आज पहिल्यांदा वाटलं, हे माझ्या कपाळावर इतरांना दिसत तर नसेल?

गुस्टावच्या दारावर हातभर उंचीच्या सोनेरी अक्षरांत लिहिलंय: 'रेस्टॉराँ बोनेल'.

५ ऑगस्ट, बुधवार

मंडळाची सभा. रेत्सलाफसाहेबांनी ठराव मांडला. मंडळाच्या लोकांनी भागातल्या खाणावळींत जाऊन पाटी आणि पदार्थांचा फळा तपासायचा. सगळं शुद्ध असेल तिथे खिडकीत लावायला मंडळाचा पांढरा फलक द्यायचा: 'येथे जर्मन जेवण जर्मन नावाने मिळते'. "लोकांचा राग न्याय्य आहे," ते म्हणाले, "पण राग आंधळा असतो. फलक पाहून तो दुसरीकडे वळेल." पर्यायी नावं सुचवायची आणि फळ्याचा दाखला लिहायचा हे काम माझ्याकडे.

मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. गुस्टावचा फळा मीच शुद्ध करीन, फलक लावीन, विषय संपेल. रेत्सलाफसाहेबांबद्दल टिलीचं मत बरं नाही. पण हा माणूस दंगा टाळायचा मार्ग शोधतो आहे, त्याला वाईट कसं म्हणायचं?

७ ऑगस्ट, शुक्रवार

गुस्टावकडे गेलो. सोनेरी अक्षरांतलं 'रेस्टॉराँ' त्यानं कालच खरवडून काढलं होतं. नुसतं 'बोनेल' उरलं होतं, आणि खरवडलेल्या जागी फिकट डाग.

फळा घेऊन बसलो. सॉसचं 'बुडवण' केलं, ऑम्लेटची 'अंडपोळी', कटलेटचा 'बरगडीचा काप', बूयॉनचा 'बळाचा रस्सा'. गुस्टाव खडू घेऊन आज्ञाधारक पोरासारखा लिहीत होता. "बळाचा रस्सा! हे लिहिलं की त्यात मांस घालावं लागणार, मास्तर. बूयॉनमध्ये नुसतं पाणी खपत होतं."

मग मी म्हणालो, "बुलेटेचा 'तळलेला गोळा' कर."

त्यानं खडू खाली ठेवला. "ते नाही."

"गुस्टाव, एक शब्द आहे."

"बाकी सगळे शब्द तुमचे. पुस्तकातून आले, पुस्तकात गेले. हा आमच्या तव्याचा आहे. माझी आजी मरताना जर्मन विसरली होती, फ्रेंच तर तिला कधी आलंच नाही. तिच्या तोंडी शेवटचा शब्द काय होता ठाऊक आहे? 'बुलेटे करपतायत.'"

"फलक मिळणार नाही."

"अख्ख्या बर्लिनच्या फळ्यावर बुलेटे आहे. कुणाला ते परकं वाटत होतं का, तुम्ही सांगेपर्यंत?" हे तो हसतच म्हणाला. हात पुसताना मात्र फडकं त्याच्या हातातून दोनदा पडलं. उकाडा फार आहे. "अहो, नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. तव्याचंही विचारू नये."

टिली आता रोज तिथे स्वयंपाकघरात मदतीला जाते, पाउल नाही म्हणून. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "का नको, ते सांग."

९ ऑगस्ट, रविवार

पहिला फलक गुस्टावच्या समोरच्याच खाणावळीत लागला. ती रेत्सलाफसाहेबांचा पुतण्या एमिल यानं गेल्या ईस्टरला काढली. एरवी ओस असते. त्याच्या फळ्यावर 'बीफस्टेक' तसंच आहे. मी साहेबांच्या लक्षात आणून दिलं. "नजरचूक," ते म्हणाले. "पुतण्या तरुण आहे, सुधारेल." नजरचूक कुणाचीही होते. मी स्वतः किती करतो.

मग त्यांनी विचारलं, "बोनेलच्या फळ्याचा दाखला कधी देताय? लोक विचारतात."

"कोण लोक?"

"लोक," ते म्हणाले.

१० ऑगस्ट, सोमवार

आज दिवसभर कोशांत डोकं घालून बसलो. बुलेटेला एखादं जर्मन मूळ सापडतं का? एखादा जुना, खेड्यातला, विसरलेला शब्द? एक ओढून-ताणून सापडला. त्यावर सही करता आली असती. रेत्सलाफसाहेबांना त्यातलं काही कळलं नसतं. दोनदा लिहायला घेतलं.

नाही जमलं. वर्गात चाळीस मुलांना सांगतो, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, पण बनवून सांगू नका. सोयीसाठी एक मूळ बनवलं, तर उद्या दुसऱ्याच्या सोयीसाठी दुसरं बनवीन.

म्हणून जे खरं आहे तेच, काळजीपूर्वक, दोन्ही बाजू तोलून लिहिलं: 'बुलेटे हे नाव मूळ फ्रेंच आहे. परंतु गेली दोन शतकं ते बर्लिनच्या प्रत्येक घरात नांदत असून आज त्यास परके म्हणणे न्यायाचे होणार नाही. सबब फलक द्यावा.' वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नाही. साहेबांच्या घरी स्वतः नेऊन दिलं.

टिलीला वाचून दाखवलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "पहिलं वाक्य शेवटी टाकायचं होतंस."

मी म्हणालो, युक्तिवादाचा क्रम असाच असतो.

१३ ऑगस्ट, गुरुवार

काल लिहिता आलं नाही. आजही अक्षर नीट येत नाही.

काल सभेच्या वेळेला मोआबिटला पोचलो तेव्हा उन्हं होती. गुस्टावच्या दारासमोर रस्ता माणसांनी भरलेला. ओळखीचे चेहरे, हे लिहायला हवं. पाववाला, माझ्या एका विद्यार्थ्याची आई, ट्रामचा कंडक्टर. पायरीवर रेत्सलाफसाहेब उभे होते, हातात माझा कागद.

"हे मी नाही म्हणत!" ते वाचत होते. "शाळेतले विद्वान म्हणतात, आणि ते या घरचेच जावई आहेत! 'बुलेटे हे नाव मूळ फ्रेंच आहे.'" आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

मी म्हणालो, "पुढचं वाचा." म्हणालो, हे नक्की. पण इतक्या हळू, की शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल.

कुणीतरी ओरडलं, "बोनेल हे कसलं नाव रे?"

"फ्रेंचाचं!"

गुस्टाव बाहेर आला. अंगावर एप्रन, हातात उलथणं. "अरे लेकांनो, परवा चार-चार हाणलीत तेव्हा फ्रेंच लागली नाहीत होय?" एक-दोघं हसले. क्षणभर वाटलं, निभावलं. त्या हसण्यावर मी जीव टांगून उभा होतो. मग तो म्हणाला, "माझा पाउल तुमच्याच पोरांबरोबर..." आणि पहिला दगड आला. तो काचेला लागला. दुसरा त्याला.

टिली आत होती. मला माहीत होतं ती आत आहे.

माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, "तुम्ही यांच्यातले का हो?"

मी म्हणालो, "मी शिक्षक आहे."

"मग घ्या, मास्तर," ती म्हणाली आणि फरसबंदीतला एक तुकडा माझ्या हातात ठेवला. भाजीवाली वर एक कांदा घालते तसा. मी तो कोटाच्या खिशात घातला. फेकला नाही. पण 'नको' असंही म्हणालो नाही. कोपऱ्यावर पोलीस हात मागे बांधून उभा होता.

टिली मागच्या अंगणातून बाहेर पडली होती, हे मला घरी आल्यावर कळलं. ती माझ्या आधी पोचली होती. कपाळावर काचेची बारीक चीर. तिनं विचारलं, "तू कुठे होतास?"

१५ ऑगस्ट, शनिवार

गुस्टाव चॅरिटे इस्पितळात आहे. उजवा डोळा बहुधा वाचेल असं डॉक्टर म्हणतात. 'बहुधा' हा त्यांचा शब्द.

"मास्तर," मला पाहून तो म्हणाला, "तळलेला गोळा मीच झालो की."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यानं हात हलवला. "पाउलला कळवू नका. तो तिकडे जर्मन म्हणून लढतोय. लढू दे."

टिली माझ्याशी बोलते, पण कामापुरतंच. मला सगळ्यात भीती कशाची वाटते ते लिहू? जमावाची वाटतेच, पण तिच्या 'तू कुठे होतास' या प्रश्नाची जास्त. तो तिनं पुन्हा विचारलेला नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार

रेत्सलाफसाहेब घरी आले. सोबत सॉसेजचा पुडा. "झालं ते वाईट झालं. मला अत्यंत खेद आहे. लोकांना आवरणं माझ्या हातात होतं का?" टिली स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "यावरून मी एक धडा घेतला, क्रानर्ट. आपण पदार्थांच्या नावांत अडकलो. लोक आपल्यापुढे आहेत. ते माणसांची नावं विचारतायत. दंगा टाळायचा तर आधी आपल्यालाच माहीत हवं, भागात कुणाचं आडनाव कुठून आलंय. कुणाचं खरं, कुणाचं उसनं. हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

"ते करून काय करायचं?"

"काही नाही. माहीत असलेलं बरं." पेला ठेवत म्हणाले, "तुमच्या घरालाही त्याचा उपयोग होईल. जो मोजतो त्याला कुणी मोजत नाही. बुधवारी या. एमिलकडे बसतोय आता."

ते गेल्यावर सवयीनं त्यांचंच आडनाव डोक्यात उमटलं. रेत्सलाफ हे नाव स्लाव आहे. जर्मन इथे पोचण्याआधी या वाळूत राहणाऱ्या लोकांचं. बुलेटेबाबत मी 'बहुधा' म्हणालो होतो, इथे त्याचीही गरज नाही. साहेबांना ते ठाऊक नाही. सध्या आपण रशियाशीही लढतो आहोत, आणि रशियनही स्लावच. बुधवारी भर सभेत मी एवढंच म्हणालो तर?

हा विचार आला तेव्हा मला चक्क आनंद झाला. पहिल्या तारखेला छातीत जे वर आलं होतं तेच पुन्हा. म्हणून घाबरलो.

१९ ऑगस्ट, बुधवार

जे झालं ते झालं त्या क्रमानं लिहितो.

जाताना टिलीला सांगितलं कुठे जातोय. ती म्हणाली, "कोट घाल, हवा पालटलीय."

एमिलची खाणावळ भरलेली. समोर गुस्टावच्या दाराला फळ्या ठोकलेल्या. डुक्कर मात्र शाबूत. कुणीतरी ते उचलून इकडे आणलं होतं आणि ते टेबलाच्या मधोमध तसंच गुलाबी बसलं होतं. एमिल ताटल्या वाटत होता: "घ्या मंडळी, तळलेला गोळा! अगदी समोरच्या चवीचा!"

रेत्सलाफसाहेबांनी माझ्यासमोर कोरे कागद सरकवले. "क्रानर्टसाहेब आडनावांचं काम हाती घेतायत."

मी म्हणालो, "मला जमणार नाही."

"जमणार नाही, की करणार नाही? तुम्हीच सांगता ना, नेमका शब्द वापरावा."

माझा गुडघा टेबलाला लागला आणि डुक्कर किणकिणलं. सगळ्यांना ऐकू गेलं असणार. "करणार नाही," मी म्हणालो.

मी कोटाच्या खिशात हात घातला. बोटांना आधी तो दगड लागला. आठवडाभर तो तिथेच होता, मी विसरलो होतो. गार, कडेला धारदार. साहेब माझ्याकडे बघत होते, रुंद, थकलेला, म्हातारा चेहरा. त्यांच्या नावाचं मूळ माझ्या जिभेवर होतं. खरंच होतं.

दगड तिथेच राहू दिला आणि त्याच्या खालची नाणी बाहेर काढली.

"ऑटिली बोनेल," मी म्हणालो आणि एक नाणं टाकलं. "माझी बायको." दुसरं टाकलं. "गुस्टाव बोनेल." मग "पाउल बोनेल, सध्या बेल्जियममध्ये, आपल्या पायदळात." आवाज फुटत होता, शाळकरी पोराचा फुटतो तसा. उरलेली सगळी नाणी आत ओतली. "आणि एमिल, एक बुलेटे द्या."

एमिल काकांकडे बघत राहिला. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. रेत्सलाफसाहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही कुठे राहता ते आम्हाला ठाऊक आहे, क्रानर्ट." धमकीच असावी. त्यांच्या तोंडी ती पत्त्यासारखी वाटली.

बुलेटे आलं नाही. मी उठलो. दारापर्यंतचं अंतर मी कसं चाललो ते आठवत नाही. मागे वळून पाहिलं नाही, ते धैर्यानं नाही, मान वळेना म्हणून.

घरी टिलीला सांगितलं. सगळं, दगडाचंही, आणि त्या दिवशी मी कुठे होतो तेही. शेवटी म्हणाली, "डुकरात किती टाकलेस?"

"खिशात होते तेवढे."

"पुरतील?"

"माहीत नाही."

तिनं माझ्या कोटाच्या खिशातून तो दगड काढला, हातात तोलून पाहिला. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पल्ला वाऱ्यानं आपटत होता, त्याला तो टेकण म्हणून लावला. खिडकी उघडी राहिली. मग तवा ठेवला. कांदा पडल्याचा आवाज आला.

"वास जिनाभर जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे."

अजून उजेड आहे. ती परततेय, मी हे लिहितोय. जिन्यात पावलं वाजतायत. वरच्या मजल्यावरचे असतील. वरच्या मजल्यावरचे असे थांबत थांबत चढत नाहीत.